न उचलायचा फोन

निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांची काळजी करायला लागतात. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला तेवढी उसंत दिली नाही. निरोप समारंभातला हार अजून खुंटीवर सुकत होता, तेवढ्यात ते चहाला आले आणि म्हणाले, "बाई, मंडळीतली माणसं रविवारी भरभरून गातात आणि मंगळवारपर्यंत कोरडी पडतात. रविवार ते रविवार त्यांच्याकडे बघायला कुणीतरी हवं. तुम्ही बघा."

"मी मुख्याध्यापिका होते, पाळक नव्हते," मी म्हटलं.

"म्हणूनच," ते म्हणाले आणि त्यांनी दुसरं बिस्किट उचललं.

आमची मंडळी मिरजेची. मंडळी म्हणजे एका चर्चची सगळी माणसं. त्यात दवाखान्यातल्या परिचारिका, रेल्वेतून निवृत्त झालेले काही जण, सतारीच्या भोपळ्याला पॉलिश करणारा एक कारागीर आणि बाकी आमच्यासारखे मास्तर लोक. कुणी सांगलीहून येतं, कुणी इस्लामपूरहून. एक कुटुंब बदली होऊन साताऱ्याला गेलं, पण त्यांनी आपलं नाव आमच्याकडून काढलं नाही. इतक्या विखुरलेल्या माणसांना आठवडाभर धरून ठेवायचं म्हणजे पाऱ्याला मुठीत धरण्यासारखं होतं. पण काम सांगितलं की मला ते पार पाडल्याशिवाय चैन पडत नाही. हा माझा स्वभाव माझ्या हाताखालच्या शिक्षकांना विचारा.

पहिल्यांदा मी घरसभा सुरू केल्या. दर बुधवारी एकाच्या घरी जमायचं, बायबलमधला एक भाग वाचायचा, प्रार्थना करायची. पहिल्या घरी चहा-बिस्किटं झाली. दुसऱ्या घरी पोहे झाले. तिसऱ्या घरी शिरा आणि भजी. चौथ्या घरच्या सासूबाईंनी पुरणपोळी केली आणि पाचव्या घरच्यांनी कळवलं की आमची जागा लहान पडेल. घरसभा तिथेच आटोपल्या. मग मी मुखपाठ सुरू केला. दर आठवड्याला थोडा भाग पाठ करून रविवारी म्हणायचा. एका निवृत्त गार्डसाहेबांनी इतकं पाठ केलं, की त्यांना हिरवा झेंडा मिळाला की ते थांबायचेच नाहीत. बाकीचे हळूच मागच्या दाराने निघून जायला लागले. शेवटी व्हॉट्सअपचा ग्रुप केला. रोज सकाळी मी एक वचन टाकायची आणि त्याला उत्तर म्हणून मला गुलाबाची फुलं यायची. उगवता सूर्य यायचा. एका सदस्याने पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची जाहिरात टाकली. मी ग्रुपवर कडक शब्दांत लिहिलं, तर त्यालाही लोकांनी फुलंच पाठवली.

मी अगदी चिडून गेले होते. त्याच सुमारास जतकडच्या मावशींनी तोंड उघडलं.

मावशी जतच्या पुढे कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका गावात राहायच्या. घरची मेंढरं आणि कोरडवाहू ज्वारी. तरुणपणी मिरजेच्या दवाखान्यात त्यांनी एक लांबलेलं दुखणं काढलं होतं. शेजारच्या खाटेवरची बाई रोज संध्याकाळी हळू आवाजात प्रार्थना करायची. ती ऐकता ऐकता मावशी आमच्यात आल्या आणि मग कधी सुटल्या नाहीत. महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या, भाकरी आणि द्राक्षरस वाटून घ्यायच्या रविवारी, त्या एसटीने यायच्या. बरोबर त्यांचे मालक असायचे. मोठं पागोटं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. ते कधी आत आले नाहीत. चर्चच्या आवारात एक लिंबाचं झाड आहे, त्याखाली ते उपासना संपेपर्यंत बसून असायचे. कुणी आत बोलावलं की हसून मान हलवायचे. घरी त्यांचे देव होते, पिढ्यान्‌पिढ्यांचे, आणि मावशींनी त्यांना कधी नावं ठेवली नाहीत. "त्येंचा देव त्येंच्यापाशी, माझा माझ्यापाशी," त्या म्हणायच्या. "भाकरी तेवढी एका तव्यावरची."

मंडळीत प्रत्येक जण आपल्या माणसांसाठी प्रार्थना मागतो. मावशी न चुकता म्हणायच्या, "आमच्या मालकांसाठी." एकदा मी शाळेच्या सवयीने विचारलं, "मावशी, नाव सांगा. नाव घेऊन प्रार्थना करू."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "अगं बया! नाव कसं घिऊ?"

"अहो, मग देवाला कळणार कसं, कोणते मालक?"

"देवाला ठावं हाय की, माझं मालक कोन्तं!"

सगळे हसले. मीही हसले, पण मनातून वैतागले. तेव्हापासून आमची मंडळी 'जतच्या मावशींच्या मालकांसाठी' प्रार्थना करायची. ते स्वतः पंधरा-वीस पावलांवर लिंबाखाली बसलेले असायचे. बाहेर जाऊन त्यांनाच नाव विचारावं, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

तर त्या दिवशी मी पाळकसाहेबांकडे माझं गाऱ्हाणं मांडत होते. शेजारी बसलेल्या मावशी मध्येच म्हणाल्या, "बाई, मी म्हनू का? आमी एसटीत बसलो की हितल्या भाच्याला मिस कॉल देतो. तेनं उचलायचा न्हाई. वाजला की त्येला कळतं, आत्या निघाली. तसंच देवाचं करू की."

"म्हणजे?"

"म्हंजी पाटंचं उठायचं. पुढच्याचं नाव घिऊन देवापाशी मागायचं. मग त्येला मिस कॉल द्यायचा. त्येनं उठायचं, त्येच्या पुढच्यासाठी मागायचं, त्येला द्यायचा. फोन वाजला की ज्याला त्याला कळंल, आत्ताच कुनीतरी आपलं नाव घेतलंय."

मिस्ड कॉलवर कसली भक्ती, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण पाळकसाहेबांचे डोळे चमकले होते आणि माझ्याकडे दुसरा उपाय उरला नव्हता. आम्ही साखळी केली. पाळकसाहेबांपासून सुरुवात, शेवटी साताऱ्याला गेलेल्या कुटुंबातल्या बाईंनी परत पाळकसाहेबांना फोन द्यायचा. नियम एकच, आणि तो मी घातला. फोन उचलायचा नाही. उचलला की गुडघे, नातवंडं आणि वरच्या मजल्यावरचं गळणारं पाणी निघणार, हे मी ओळखून होते. दोनदा वाजू द्यायचा आणि बंद करायचा.

साखळीत माझ्या पुढे मावशी होत्या. मावशींच्या पुढे ट्रॅक्टरवाला.

ट्रॅक्टरवाला राहायला सांगलीत, आणि हंगामात इस्लामपूरकडच्या कारखान्यांना ऊस वाहणारा. चाळिशीचा, अंगापिंडाने आडवा, आणि दारूने पार पोखरलेला. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती. तो रविवारी सगळ्यात मागच्या बाकावर बसायचा आणि आशीर्वादाच्या आधीच निघून जायचा. साखळीत त्याचं नाव मी घातलं नव्हतं. मावशींनी घातलं. "माझ्याम्होरं त्यो ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. मला वाटलं, हा पहिल्याच आठवड्यात साखळी तोडणार. मी तसं बोलूनही दाखवलं.

साखळी पहिल्या आठवड्यात तुटली ती पाळकसाहेब झोपून राहिल्यामुळे. त्यानंतर ती क्वचितच तुटली. मावशींकडे बटणाचा जुना फोन होता. मी तो मागून घेतला आणि ट्रॅक्टरवाल्याचा नंबर दोनच्या बटणावर बसवून दिला. दोन दाबून धरलं की त्याला फोन लागायचा. मावशींना अक्षरओळख नव्हती, पण दोनचं बटण त्यांनी पक्कं लक्षात ठेवलं. गावात विजेचा खेळ चालायचा, तेव्हा त्यांचे मालक तो फोन बंडीच्या खिशात घालून जिथे वीज असेल तिथे जाऊन चार्ज करून आणायचे. हे मावशीच कौतुकाने सांगायच्या. "म्हनत्यात, तुझ्या देवाचं यंत्र उपाशी ठिवायचं न्हाई."

आणि खरं सांगते, काहीतरी व्हायला लागलं. पहाटे अंधारात माझा फोन दोनदा वाजायचा आणि थांबायचा. मी आयुष्यभर प्रार्थना केली आहे, शाळेत तर घंटा झाली की रोज. पण कुणीतरी आत्ता, या क्षणाला, देवासमोर माझं नाव घेऊन उठलंय, हे कळल्यावर अंथरुणावर बसल्या बसल्या छाती भरून यायची. मग मी मावशींचं नाव घ्यायची. आधी दोन वाक्यांत आटपायचं. पुढे पुढे त्यांची मेंढरं, त्यांची ज्वारी, त्यांच्या गावचा पाण्याचा टँकर, सगळं त्यात यायला लागलं. बुधवारच्या पुरणपोळीने जे झालं नव्हतं ते दोन रिंगांनी होत होतं.

ट्रॅक्टरवाला हळूहळू पुढच्या बाकांवर सरकला. एका रविवारी तो साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांना सांगायला, उभा राहिला. हात बाकाच्या पाठीवर घट्ट धरलेले. "मी लय काय सांगत न्हाई," तो म्हणाला. "सकाळी मावशींचा फोन वाजतो. तवा मला वाटतं, एवढ्या लांबनं एक म्हातारी बाई माझ्यासाठी उठून बसली, आनि मी गुत्त्यात जाऊ? तेवढ्यावर माझा दिवस निघतो. रोजचा रोज. फोन आला न्हाई तर माझं काय हुईल, मला सांगता येत न्हाई." त्या हिवाळ्यात त्याची बायको मुलांना घेऊन परत आली. तिने त्याला एकच सांगितलं होतं, एकदा जरी प्यालास तरी मी पुन्हा येणार नाही.

तेव्हा आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं, की या माणसाचं घर एका फोनवर उभं आहे.

गेल्या सुगीनंतर मावशी मिरजेला यायच्या बंद झाल्या. पोटाचं दुखणं होतं, एसटीचे धक्के सोसत नव्हते. पाळकसाहेब आणि मी एकदा जाऊन आलो, तेव्हा त्या बाजेवर बसून हसत बोलल्या, "बरं हाय की." दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाल्या, दाखवून झालंय, आता घरीच बरं. आम्ही काळजीत परतलो. पण दुसऱ्या पहाटे साखळी पूर्ण झाली. तिसऱ्याही. फोन वेळेवर जातोय म्हणजे मावशी ठीक आहेत, असं मी मनाशी धरलं. ट्रॅक्टरवाला मला एकदा म्हणालासुद्धा, "बाई, मावशींची रिंग हल्ली लांबती. दोनदा वाजून थांबत न्हाई. चार-पाच येळा वाजती." आम्ही दोघांनी त्याचा अर्थ असा लावला, की मावशी आता जास्त वेळ प्रार्थना करतात. फोन वाजत असताना बाई हात जोडून बसलेली असेल, असं चित्र आम्ही आपल्या मनात रंगवलं.

मग एका संध्याकाळी मावशींच्या पुतण्याचा फोन आला. मी कणीक मळत होते. "काकी गेली दुपारी," तो म्हणाला. "काका म्हनत्यात, मिरजंच्या लोकास्नी कळवा. तिची माती तिच्या रीतीनं हुऊ दे. उद्या दुपारी."

मी पाळकसाहेबांना कळवलं. ते गाडीची व्यवस्था करायला लागले. मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. मावशींसाठी रडू येत होतं आणि त्या रडण्याच्या आतून एकच विचार वर येत होता. उद्या पहाटे ट्रॅक्टरवाल्याचा फोन वाजणार नाही. त्याला आत्ताच कळवावं, तर ही बातमी घेऊन तो रात्रभर काय करेल, हे मला माहीत होतं. मी ठरवलं, पहाटे मीच त्याला फोन लावायचा. नियम मोडायचा, त्याला बोलतं करायचं आणि मगच बातमी सांगायची.

पहाटे माझा फोन दोनदा वाजला. मी सवयीने मावशींचं नाव घेतलं आणि मध्येच थांबले. आता कुणासाठी मागायचं? त्यांचा नंबर मी लावला नाही. मेलेल्या माणसाला कुणी फोन लावतं का? मी थोडा वेळ तशीच बसले, मग धीर करून ट्रॅक्टरवाल्याचा नंबर लावला. त्याने लगेच उचलला.

"बाई? तुमी कसा काय लावला? आत्ताच मावशींचा यिऊन गेला की."

"कुणाचा?"

"मावशींचा. नेहमीसारखा. पाच येळा वाजला."

बाहेर अजून उजाडलं नव्हतं. रेल्वेच्या बाजूने गाडीची शिट्टी ऐकू आली. माझं वय आणि माझं शिक्षण त्या क्षणी कुठे गेलं कोण जाणे. मी एवढंच म्हटलं, "अरे, मावशी काल दुपारी गेल्या."

तो म्हणाला, "मग ह्यो फोन?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं.

"मी येतो तुमच्यासंगं," तो म्हणाला.

गाडीत आम्ही तिघं होतो, पाळकसाहेब, मी आणि तो. पाळकसाहेब गाडी चालवत होते, तो त्यांच्या शेजारी पुढे बसला होता. मिरज सोडल्यावर द्राक्षबागा लागल्या, मग त्या विरळ झाल्या, मग नुसतं माळरान आणि लांबवर फिरणाऱ्या पवनचक्क्या. पाळकसाहेबांनी एकदा सुरुवात केली, की प्रभूचे मार्ग आपल्याला कळत नाहीत, आणि ते वाक्य तिथेच सोडलं. मी ट्रॅक्टरवाल्याच्या पाठीकडे बघत होते. मला फोनचं गूढ होतंच, पण त्याहून मोठी भीती त्याची होती. आज त्याला फोन आला, कुठून का येईना. उद्या? मावशींना आज मातीत ठेवल्यावर याच्यासाठी पहाटे कोण उठणार? जतमध्ये चहाला थांबलो तेव्हा टपरीच्या पलीकडे एक दारूचं दुकान होतं. त्याने त्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा गाडीत जाऊन बसला. चहाही घेतला नाही.

गावात पोहोचलो तर अंगणात भावकी जमली होती. मावशींना न्हाऊमाखू घालून, नवं लुगडं नेसवून ठेवलं होतं. त्यांचे मालक दाराशी उकिडवे बसले होते. पागोटं मांडीवर. मी त्यांना डोईवर पागोट्याशिवाय कधी पाहिलं नव्हतं. भावकीतले दोघे-तिघे कुरकुरत होते, ही कुठली रीत म्हणून. मालकांनी मान वर न करता सांगितलं, "तिनं मागितलंय, तसं हुईल."

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आम्ही मावशींच्या आवडीचं गीत म्हटलं. तिघांचेच आवाज. शेताच्या बांधाजवळ माती दिली. माणसं पांगल्यावर मी मालकांजवळ गेले. मला राहवेना.

"मामा, आज पहाटे मावशींच्या फोनवरून फोन गेला."

"व्हय," ते म्हणाले. "मीच लावला."

पाळकसाहेब आणि ट्रॅक्टरवालाही जवळ आले.

"सुगी झाल्यापसनं मीच लावतो," ते म्हणाले. "आदी ती म्हनायची आन्‌ मी बटन दाबायचो. तिची बोटं थरथरायची, तिला जमायचं न्हाई. मला बी कवा कळायचं न्हाई, लागला का न्हाई ते, म्हनून वाजू द्यायचो. मग दिवाळीच्या म्होरं तिचं बोलनंच गेलं. नुसती बघायची. पाट झाली की फोनाकडं बघायची आन्‌ माज्याकडं बघायची. तवापसनं म्हनायचं बी मीच आन्‌ दाबायचं बी मीच."

"तुम्ही काय म्हणायचात, मामा?" पाळकसाहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज फार हळू झाला होता.

ते ओशाळले. पागोटं हातात फिरवत राहिले. "मला तुमचं काय येत न्हाई, सायब. मी आपलं म्हनायचो, देवा, मी काय तुझा न्हाई. पर ही बाई तुझी हाय. हिचं काम चुकाय नगं. तिकडं एक मानूस हाय, त्येला आजच्या दिवस संभाळ." आणि त्यांनी ट्रॅक्टरवाल्याचं नाव घेतलं. पुरं नाव, अगदी स्पष्ट, रोज घेतलेलं असल्यासारखं. मग त्याच्याकडे बघून म्हणाले, "तूच का रं त्यो?"

ट्रॅक्टरवाला "व्हय" म्हणाला आणि एवढा आडवा गडी त्या बांधावर मटकन बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो रडायला लागला. मामा त्याच्याजवळ बसले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मी आयुष्यात पुष्कळ उपदेश ऐकले, काही दिलेही. चर्चमध्ये आणि शाळेत मिळून कितीतरी वेळा हात जोडले. पण त्या दुपारी त्या उघड्या माळावर जे ऐकलं, तसं कधी ऐकलं नव्हतं. ज्या माणसाला आम्ही कधी आत बसवू शकलो नव्हतो, ज्याच्यासाठी आम्ही नाव न घेता प्रार्थना करत होतो, त्याने कित्येक महिने आमच्यातल्या एकाला उचलून धरलं होतं. आमच्यापैकी एकालाही पत्ता नव्हता. रविवार ते रविवार माणसांना मी वाढवते आहे, असा माझा समज होता. देवाने आपलं काम कुणाच्या हाती दिलं होतं, ते मला त्या बांधावर दिसलं, आणि तेव्हा काय वाटलं ते सांगायला माझ्याकडे भीती हाच शब्द आहे. चांगली भीती. एखाद्या फार उंच जागेवर उभं राहिल्यावर वाटते तशी.

"आज पाटंला तुमचा फोन आला न्हाई, बाई," मामा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. "मी वाट बघितली. आत ती पडलेली. दिव्यापाशी बाया बसलेल्या. मी अंगनात आलो आन्‌ बघत बसलो. न्हाई आला. मग म्हनलं, बाईस्नी कळलं आसंल ती गेली म्हनून, त्या कशाला लावतील? पर तिकडं त्यो मानूस वाट बघत आसंल. मग लावला."

माझ्यातली मुख्याध्यापिका जागी झाली आणि मी व्यवस्थेचं बोलायला लागले. दुःख झालं की मी व्यवस्थेचंच बोलते. "मामा, तुम्ही खूप केलंत. आता तुम्हांला त्रास नको. उद्यापासून ह्याला मी थेट फोन देईन."

त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. "का? माझं काय चुकलं का?"

"छे, छे! चुकलं कसं? पण तुम्ही आमच्या मंडळीत नाही, तुमच्यावर भार कशाला?"

"भार कसला आलाय? मेंढरं सोडाय मला उठायचंच आसतंय." मग जरा थांबून म्हणाले, "ती गेल्यावर पाटंचं घर लय गप झालंय, बाई. तेवढा फोन तरी वाजू द्या."

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत डोळे पुसत होते. ट्रॅक्टरवाल्याने बसल्या जागेवरून म्हटलं, "बाई, मला मामांचाच फोन पायजे."

मग माझ्या लक्षात आलं, की साखळीत आता माझ्यापुढे हे होते. आणि साखळीचा पहिला नियम असा, की पुढच्याचं नाव घ्यायचं.

"मामा," मी विचारलं, "तुमचं नाव काय?"

त्यांना थोडं नवल वाटलं असावं. मग ते उठून उभे राहिले, पागोटं डोक्यावर नीट बसवलं आणि कचेरीत साहेबापुढे सांगावं तसं सावकाश सांगितलं. स्वतःचं, बापाचं, आडनाव. पाळकसाहेबांनी ते मनातल्या मनात एकदा म्हटलं, त्यांचे ओठ हलताना मला दिसले. ट्रॅक्टरवाल्यानेही म्हटलं. इतकी वर्षं मावशींनी पदराआड ठेवलेलं नाव आम्ही त्यांच्या ताज्या मातीशेजारी उभं राहून शिकलो. देवाला ते आधीपासून ठाऊक होतं, हे मावशींचं म्हणणं खरंच होतं. ठाऊक नव्हतं ते आम्हांला.

दुसऱ्या पहाटे माझा फोन वाजला. मी उठून बसले. खिडकीबाहेर अंधार होता. मी ते नाव घेतलं. पहिल्यांदाच घेत असल्यामुळे मोठ्याने घेतलं, मागे पुढे काहीच जोडलं नाही, बराच वेळ तेवढंच म्हणत राहिले. मग मावशींचा नंबर लावला. तो अजून त्यांच्याच नावाने माझ्याकडे आहे, मी बदललेला नाही.

एकदा वाजला. दुसऱ्यांदा वाजायच्या आतच पलीकडून उचलला गेला. मागे मेंढरांचा आवाज येत होता.

"व्हय बाई," मामा म्हणाले, "पोचलं. ठिवा आता, त्यो वाट बघत आसंल."

मी फोन ठेवला.